बाहेरचा बाक

शिडीवर चढून तिने ट्यूबलाइट जरा सैल केली, म्हणजे ती मधूनच लुकलुकेल. कलादालनात तिने हॉस्पिटलमधली बाहेर थांबायची खोली जशीच्या तशी उभी केली होती. लोखंडी बाक, फिनेलचा वास, भिंतीपलीकडून येणारा ट्रॉलीच्या चाकांचा आवाज आणि एक बंद दार. दार नुसतंच भिंतीला स्क्रूने बसवलेलं होतं, मागे काही नव्हतं. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात ती अशाच खोलीत बसून राहिली होती. त्या बसण्याचा राग तिच्या मनातून गेला नव्हता.

लोक यायचे, डोळे पुसायचे, निघून जायचे. एक म्हातारे गृहस्थ मात्र रोज यायचे, इस्त्रीचा शर्ट घालून, पाण्याची बाटली घेऊन, आणि दालन बंद होईपर्यंत बसायचे. पहारेकऱ्याचं म्हणणं, यांच्या घरी पंखा नसावा.

प्रदर्शन संपलं. सुतार हत्यारं घेऊन आला तरी ते उठेनात. तिने सुताराला खुणेनेच थांबवलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"काका, हे आता काढायचंय."

माहीत आहे, म्हणाले. मग आपणहून सांगू लागले. जहाजाच्या इंजिनरूममध्ये त्यांचं आयुष्य गेलं. बायकोला दाखल केलं तेव्हाही ते समुद्रावरच होते. घरी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. शेजारीण तिला हॉस्पिटलात पोचवून आपल्या लेकरांकडे परतली होती. तिला आत नेलं तेव्हा बाहेर बाकावर आपलं माणूस म्हणून कोणीच नव्हतं.

मांडीवरची पर्स तिने खाली ठेवली.

"फार वेळ बसवतात का हो?" त्यांनी विचारलं.

"काही सांगता येत नाही."

"आणि मग?"

"मग आतून कोणीतरी येतं. विचारतं, पेशंटसोबत कोण आहे?"

ते दाराकडे बघत राहिले. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि शर्ट खाली ओढून नीट केला.

"मी आहे," ते म्हणाले.

दाराचे स्क्रू काढायला तिथेच खोळंबलेला सुतार बाजूला झाला.