पोत्यांची भिंत

कुलूप नवं होतं, चावी हातात होती. प्रगतीने दार लावलं आणि लगेच पुन्हा उघडलं.

"झिजंल की गं ते," पायरीवर बसलेला तिचा चुलतभाऊ दिग्विजय म्हणाला. "घर विकायला घेतलंयस, प्रेमात पडायला न्हाय."

"वरच्या कोपऱ्यात चौकटीला घासतंय बघ. रंधा मारला की झालं."

दिग्विजयने कपाळाला हात लावला. तो बारामतीत जागांचे व्यवहार जमवायचा आणि त्याला घराच्या दोनच बाजू ठाऊक होत्या, किंमत आणि रस्ता. प्रगतीचं तसं नव्हतं. रसायनशास्त्रात एमएस्सी करून ती एमआयडीसीतल्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत लागली होती. दिवसभर दुधात कुणी काय मिसळलंय ते शोधायचं आणि संध्याकाळी स्कूटर काढून जुनी घरं बघत फिरायचं, असं तिचं वर्षभर चाललं होतं. इंदापूरकडच्या बागायतदारांची मुलं शाळेत जायला लागली की आई त्यांना घेऊन बारामतीत राहते आणि बाप बागेत, हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं. अशा कुटुंबांना मोकळी, उजेडाची, पाण्याची सोय असलेली जागा हवी असते. जुनं घर घ्यायचं, तसं करायचं आणि विकायचं. इतका साधा विचार, पण तो डोक्यात आला तेव्हापासून तिला झोप येईनाशी झाली होती.

पैसे मात्र आबांचे होते. इंदापूरच्या अलीकडे त्यांची पेरूची बाग होती आणि यंदाच्या पेरूच्या पैशांतून शेततळं करायचं ठरलं होतं. खड्डा खणून तयार होता, फक्त तळाला प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा राहिला होता.

"घे," आबा म्हणाले होते. "पर माघातलं आवर्तन सुटायच्या आत कागद अंथरला पायजे. कालव्याचं पाणी एकदा फुडं गेलं की गेलं. मंग उन्हाळ्यात बागंला काय, तुजं घर पाजू?"

म्हणजे दिवाळीला घेतलेलं घर माघाच्या आत विकायला हवं होतं. नाहीतर बाग वाळणार.

सुरुवात झकास झाली. दिग्विजयला सगळीकडे चकचकीत टाईल हवी होती. प्रगतीने जुनी शहाबादी फरशी घासून पॉलिश करून घेतली. काळ्यानिळ्या फरशीत आपलं तोंड दिसायला लागलं तेव्हा ती अनवाणी तिच्यावरून दोनदा चालली. वाचलेल्या पैशांत गंजलेले लोखंडी पाईप बदलले, वायरिंग नवं केलं. फक्त एक भिंत तेवढी वाईट होती. हॉल आणि मागची कोठीची खोली यांच्या मधली. तिचा गिलावा पापुद्र्यांनी सुटत होता आणि वर पांढरी बुरशी धरल्यासारखं दिसत होतं.

"ओल चढलीय," प्रगतीने निदान केलं. म्हस्कू मिस्त्रीकडून गिलावा खरवडून घेतला, वॉटरप्रूफिंगचा महागातला लेप दिला, वर पुट्टी, वर रंग. भिंत दुधासारखी पांढरी झाली.

तीन आठवड्यांत तिला पुन्हा फोड आले.

"ताई, ही भिंत बाधलेली हाय," म्हस्कू तंबाखू मळत गंभीरपणे म्हणाला. "नारळ फोडा."

"आधी पॅनल मार," दिग्विजय म्हणाला. "प्लॅस्टिकची पॅनलं, वर फॉल्स सीलिंग, त्यात पिवळे दिवे. गिऱ्हाईक काय भिंत ठोकून बघत न्हाय. उरल्यात तेवढ्या पैशात बसतंय."

आपला लेप वाया गेला याचं प्रगतीला वाईट वाटलं. पण त्या फोडांकडे बघताना त्याहून जास्त कुतूहल चाळवलं. दुधाच्या नमुन्यात नको तो रंग उमटला की तिला असंच व्हायचं. ती भिंतीसमोर मांडी घालून बसली.

ओल जमिनीतून चढते, मग खाली जास्त आणि वर कमी हवी. इथे तसं नव्हतं. फोड छातीइतक्या उंचीपर्यंत सारखेच होते आणि तिथे एका सरळ रेषेत थांबले होते. उजवी-डावीकडची कडही सरळ. जणू कुणीतरी भिंतीला एक मोठा चौकोन टेकवून ठेवला होता.

"म्हस्कूदादा, आधीचे मालक कोठीत काय ठेवायचे?"

"खताची पोती. मी कामाला यायचो तवा बघितलंय. खताचं दुकान हितं जवळ. गावाकडची गाडी रिकामी आली की भरून न्यायचे. कवा कवा वर्षभर थप्पी असायची."

प्रगती उठलीच. "तुमचा चुना द्या."

"ताई, तुमी पण?"

तिने भिंतीचा भुगा एका झाकणात घेतला, त्यात म्हस्कूच्या डबीतला चुना कालवला, दोन थेंब पाणी टाकलं आणि झाकण नाकाशी नेलं. सणकन डोळ्यांत पाणी आलं. अमोनिया! खतातला क्षार गिलाव्यातून विटांत मुरला होता. तो हवेतली ओल ओढून घेत होता आणि सुकला की गिलावा फोडत होता. वरून कितीही लेप द्या, तो आतून बाहेर येणारच.

"सापडलं!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की दिग्विजय रस्त्यावरून पळत आला. तिने झाकण त्याच्या नाकाखाली धरलं. तो ठसकत पुन्हा रस्त्यावर गेला.

मग तिला एकदम आपलं घर आठवलं. पडवीतली थप्पी आणि तिच्यामागची दरवर्षी पोपडे सुटणारी भिंत. तिने तिथूनच फोन लावला.

"आबा, आपली खताची पोती भिंतीपासून हलवा. भिंत खातायत ती."

"मंग कुठं ठिऊ, डोक्यावर?" आबा म्हणाले. "घराचं काय झालं ते सांग."

घराचं आता ठरवायचं होतं. पॅनलं लावली तर भिंत दोनेक वर्षं तरी झाकलेली राहिली असती आणि घर लगेच विकलं गेलं असतं. भिंत काढायची तर फॉल्स सीलिंग नाही, नवं किचन नाही, काही नाही. प्रगतीने कॉलेजातल्या एका इंजिनिअर मैत्रिणीला बोलावलं. तिने वर बघितलं, कॉलम बघितले आणि सांगितलं की भार बीमवर आहे, ही चार इंची भिंत नुसती आडोशाला आहे. ती काढली तर स्लॅबला काही होत नाही.

"काढा, म्हस्कूदादा," प्रगती म्हणाली.

"गेलं माझं सीलिंग," दिग्विजय पुटपुटला.

हातोडा वरच्या थराला बसला. धुरळा उडाला, आणि त्या धुरळ्यातून मागच्या खिडकीचं ऊन थेट हॉलमध्ये घुसलं. एकेक थर खाली येत गेला तसं ते फरशीवरून सरकत पुढच्या दारापर्यंत पोचलं. प्रगती उंबऱ्यात उभी होती. तिच्या पायांवर ऊन पडलं. या घरात इतका उजेड लपून बसला होता!

"आयला," दिग्विजय नाइलाजाने म्हणाला, "घर दुप्पट झालं की."

वरच्या थरांतल्या विटा चांगल्या निघाल्या. प्रगतीने थोडा भुगा आणि चुना घेऊन त्या तपासल्या. म्हस्कूही आता वास घेऊन "पास", "नापास" असा निकाल द्यायला लागला होता. पास झालेल्या विटांचा तिने बाहेर जिन्याखाली एक ओटा बांधून घेतला, मागच्या भिंतीपासून हातभर लांब, वर पत्रा. नापास विटा ट्रॉलीत गेल्या. सगळे पैसे संपले.

गिऱ्हाइकं आली आणि गेली. कुणी म्हणालं, "मॉड्युलर किचन न्हाय व्हय?" कुणी छताकडे बघून म्हणालं, "साधंच हाय." पौष निम्मा सरला. माघ पंधरा दिवसांवर आला.

मग एका रविवारी भिगवणकडचे जोतीराम तात्या आले. बरोबर सून श्रेया. तीच दोन मुलांना घेऊन इथे राहणार होती. श्रेया स्वयंपाकघरात नळ सोडून बघून आली, मग उन्हाच्या पट्ट्यात येऊन उभी राहिली.

"पोरं हितं अभ्यासाला बसतील," ती म्हणाली. तिच्या आवाजात घर कधीच तिचं झालं होतं.

तात्यांनी मात्र मागचा कोपरा गाठला. त्यांनी दोन्ही हात पसरून माप घेतलं आणि मान डोलावली. "ब्येस. हितं खताची पोती बसतील. गाडी आली की भरून न्यायची."

"बसतील की तात्या!" दिग्विजय उसळून म्हणाला. "शंभर बसतील!"

प्रगतीला हिशोब दिसत होता. गप्प राहिलं की व्यवहार झाला, तळ्यात कागद पडला, बाग वाचली. तिने उन्हात उभ्या श्रेयाकडे पाहिलं.

"न्हाई, तात्या. हितं एकसुद्धा पोतं ठेवायचं न्हाई."

दिग्विजयने डोळे मिटून घेतले.

"का बरं?" तात्यांच्या भुवया वर गेल्या. "पैसं आमी द्यायचं आन पोती तुमाला इचारून?"

"हितं एक भिंत होती. पोत्यांनी खाल्ली ती. थांबा." त्या भिंतीचा भुगा तिने नमुना म्हणून एका बरणीत भरून ठेवला होता, ती बरणी तिने कपाटातून काढली. "तुमच्या चंचीत चुना आहे?"

तात्यांनी बुचकळ्यात पडून चंची सोडली. प्रगतीने झाकणात भुगा आणि चुना कालवून, पाण्याचा थेंब टाकून पुढे केला. तात्यांनी जपून वास घेतला. मग पुन्हा घेतला.

"ह्यो तर आमच्या माजघरातला वास!"

"तरी मी म्हणत हुते!" श्रेया पुढे झाली. "तात्यांनी मांजर घाण करतंय म्हणून दोन मांजरं हाकलली, ताई! लांब नदीपल्याड सोडून आले!"

"आता मला काय ठावं," तात्या डोळे पुसत म्हणाले. डोळे अमोनियाने भरले होते की हसण्याने ते कळत नव्हतं. "बिचारी मांजरं! मंग पोती ठेवायची कुठं, ते तरी सांगा."

प्रगतीने त्यांना जिन्याखाली नेलं. तात्यांनी ओट्यावर थाप मारली, ओटा आणि भिंतीमधल्या फटीत पूर्ण हात घालून बघितला, पत्रा बघितला. मग पुन्हा आत येऊन भाव पाडायला बसले. प्रगती थोडी उतरली, तात्या बरेच चढले.

"एवढ्याला पक्कं," दिग्विजय मध्ये म्हणाला, "आता तात्या—"

"तुमी शंभर पोती म्हणाला न्हवं? तुमी चहा सांगा. व्यवहार मी बाईसंगं बोलतो."

तात्यांनी इसाराचे पैसे मोजून प्रगतीच्या हातात ठेवले. श्रेया तोवर पडद्यांसाठी खिडकीचं माप वितीने घेत होती.

प्रगती अंगणात आली. घाईत नंबर दोनदा चुकला.

"आबा! तळ्याचा कागद मागवा. इसार झाला!"

पलीकडून धाप ऐकू आली, आणि पडवीतल्या फरशीवरून काहीतरी जड फरफटल्याचा आवाज.

"आबा? काय ओढताय?"

"काय न्हाय," आबा म्हणाले. "तू सांग, भिंतीपासनं हातभर पुरं का आणिक लांब सरकवू?"