वहिनीच्या दुधाची शेवटची नळी

घरात तिला सगळे शास्त्रीणबाई म्हणत. नाव वहिनीनं थट्टेत ठेवलेलं, पुढे तेच चिकटलं.

संशोधनाला नुकतीच सुरुवात झाली होती तेव्हा. आईच्या दुधातल्या प्रथिनांवर तिला काम करायचं होतं, पण नमुना द्यायला कुणी तयार होईना. वहिनी नुकतीच बाळंत झालेली. नणंदेचा पडलेला चेहरा बघून तीच म्हणाली, "मला विचारलंस का? तुझा भाचा पोटभर पिऊन झोपतो, तरी उरतं."

आई तडकली. "बाळाच्या तोंडचं काढून नळीत घालणार? डोकं ठिकाणावर आहे का दोघींचं?" पण बाटली उकळून दिली तिनंच. दादानं स्कूटर काढली. मागे बर्फाचा डबा पोटाशी धरून शास्त्रीणबाई सारखी ओरडत होती, "खड्डा! दादा, खड्डा!"

एकदा वितळलेला नमुना परत गोठवला की प्रथिनं बिघडतात. म्हणून तिनं ते दूध बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांमध्ये थोडं थोडं वाटून गोठवलं. लागेल तेव्हा एकच काढायची.

नळ्या संपत गेल्या. आई गेली, दादाही गेला. शास्त्रीणबाईचे केस पिकले आणि फ्रीजरच्या खणात एकच नळी उरली. मग प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं. जुन्या यंत्रांना न दिसलेलं ते थेंबभर दुधात शोधणार होतं. तिनं फ्रीजर उघडला, वाफाळत्या गारव्यात हात घातला आणि तसाच मागे घेतला. असं दोनदा झालं. शेवटी वहिनीला फोन लावला.

"काढ की मग. त्यासाठीच तर दिलं होतं."

"पण मग काहीच उरणार नाही गं."

वहिनीनं विचारलं, "मी येऊ बघायला?"

ती आली. पांढऱ्या कोटाच्या बाह्या पार बोटांवर लोंबत होत्या. नळी बघून म्हणाली, "अगंबाई, एवढंसंच?"

नळी बर्फात खोचून दोघी शेजारी बसल्या. आतलं दूध हळूहळू सुटायला लागलं.

"त्या दिवशी तुम्ही दूध घेऊन गेलात," वहिनी म्हणाली, "आणि सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, आमच्या बाईचं काय चाललंय मला कळत नाही, पण तू दिलंस ते बरं केलंस."

"आई असं म्हणाली?"

"तुला सांगू नकोस म्हणाल्या. डोक्यावर बसेल म्हणाल्या."

शास्त्रीणबाईला हसू फुटलं आणि डोळे भरून आले. हातात मोजे होते, पुसताही येईनात. वहिनीनंच पदरानं पुसले.

निकाल दुसऱ्या दिवशी आला. तिनं आधी वहिनीला कळवलं. "प्रथिनं शाबूत आहेत सगळी. आजवर न दिसलेलीही दोन सापडली."

"छान झालं. आता घरी कधी येतेस? कामाशिवाय?"

शास्त्रीणबाईनं त्याच आठवड्यात रजा टाकली.