झिपरूचा समुद्र

"वहिनी, आता नाय लपवता येनार," भिमाजी काठी बांधाला टेकवत म्हणाला. "आता वरून ड्रोन फिरतो. त्याला ना भीड, ना मुर्वत."

नवसाबाई झेंडूच्या वाफ्यात खुरपत होती. तिने मान वर केली नाही. कोणत्या झाडाची गोष्ट चाललीय, हे विचारायची गरजच नव्हती. अख्ख्या वावरात झाड ते एकच, कमरेइतका आंबा. आणि तो उभा होता नेमका तेलाच्या लाइनवर.

चांदवडच्या अलीकडच्या या वावराच्या पोटातून पेट्रोल-डिझेलची भली मोठी नळी मुंबईकडून येऊन पुढे मनमाडच्या अंगाला गेली होती. तिच्यावरून रोज पायी गस्त घालायची, ही भिमाजीची नोकरी. नळीवरचा पट्टा सरकारने कायद्याने वापराला घेतलेला. जमीन नवसाबाईची, सातबाराही तिचाच. कांदा लावा, झेंडू लावा, कोणी विचारणार नाही. पण झाड लावायचं नाही, विहीर खणायची नाही, घर बांधायचं नाही. कायदा जुनाच, नवसाबाईच्या जन्माआधीचा. सक्ती तेवढी नवी आली होती.

तिला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा झिपरू गेला. गावात आता रक्षा नदीत न सोडता वावरात खड्डा घेऊन पुरतात आणि वर झाड लावतात. खड्डा कुठे घ्यायचा, असं भावकीने विचारलं तेव्हा तिने बोट दाखवलं ते थेट पट्ट्याकडे. झिपरू रोज दुपारी तिथेच तर आडवा व्हायचा.

त्याचं ते वेडच होतं. लाइन पडली तेव्हा तो चर खोदायला होता. कुण्या साहेबाने त्याला सांगितलं, की समुद्राच्या तळाखालून तेल काढतात, मुंबईत गाळतात आणि या नळीतून पाठवतात. झालं! तेव्हापासून दुपारची भाकरी खाल्ली की हा बुवा जमिनीला कान लावून पडायचा. "नवसे, समुद्र वाजतोय बघ!" समुद्र त्याने जन्मात पाहिला नव्हता. त्याची धाव गोदावरीपर्यंत, तीही पंचवटीत फुलं विकायला गेला तर. नवसाबाई म्हणायची, "तुमचं पोट वाजत असंल." गावही हसायचं. एकदासुद्धा तिने त्याच्याशेजारी कान लावून पाहिला नाही. कामाच्या रगाड्यात असल्या चाळ्यांना वेळ कोणाला होता?

"कंपनीची मानसं येतील आन् उपटून फेकतील," भिमाजी म्हणाला. दोन पावसाळे त्याने या झाडाकडे काणाडोळा केला होता, तो आता अंगाशी येणार होता. "त्यापरीस आपनच बाजूला लावू. मी मॅडमशी बोलतो."

"झाड हलंल, भाऊ," नवसाबाई म्हणाली. "मानूस कसा हलवू?"

दोन दिवसांनी भिमाजी मॅडमला वावरात घेऊन आला.

मॅडम म्हणजे कंपनीची अधिकारी सायली. नवसाबाई पदर खोचून भांडायच्या तयारीत बसली होती. पण पोरीने आधी सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, नियम आहे म्हणून नाही सांगत," ती म्हणाली. "मुळं नळीच्या वेष्टनात घुसली तर गंज चढतो. उद्या गळती झाली तर तुमचं वावरच काय, वस्ती पेटेल. पण जेसीबी आणणार नाही. हातानेच खोदू, तुमच्यासमोर."

यावर काय भांडणार? वस्तीत झिपरूचीच भावकी राहत होती. नवसाबाईने हळूच मान हलवली.

आंबा मातीच्या गड्ड्यासकट उचलला आणि पट्ट्याची हद्द दाखवणाऱ्या खांबापलीकडे लावला. खड्ड्यात काही पांढरं दिसतंय का, म्हणून नवसाबाई डोळे ताणून बघत होती. काही दिसलं नाही. दोन पावसाळ्यांत रक्षेची माती झाली होती.

मग वेष्टन तपासायला आणखी खोदलं. मुळं नळीपासून वीतभर अलीकडे थांबली होती. "अजून एखादा पावसाळा गेला असता तर पोचलीच असती," सायली काळजीने म्हणाली. नवसाबाईला मात्र ते ऐकून भरून आलं; झिपरू त्याच्या समुद्राला हात लावायलाच निघाला होता.

आणि नळीची काळी पाठ उघडी पडली. नवसाबाई बघतच राहिली. इतकी वर्षं हिच्यावर आपण पेरलं, निंदलं, भांडलो, आणि ही खालून गुमान चाललीय! घाट चढून, नद्यांखालून, माणसांच्या झोपेखालून.

"हात लावू का?"

सायलीने मान डोलावली. नवसाबाई खड्ड्यात उतरली आणि तिने तळवा टेकवला. झोपलेल्या वासराच्या पोटासारखी बारीक थरथर हाताला लागली. मग तिने वाकून कान लावला.

आवाज होता. खोल, सलग, श्वासालाही न थांबणारा.

"अगं बाई! वाजतोय, भिमाजी भाऊ! खरंच वाजतोय!"

तेल पंपाने कसं ढकलतात, हे सायली सांगायला लागली, पण नवसाबाईने कान काढला नाही. या नळीवरून चालून भिमाजीने किती चपला झिजवल्या होत्या, पण तिचा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. त्याने चपला काठावर काढल्या, मग खाली उतरला.

"लय हसले रे मी त्यांना," नवसाबाई म्हणाली आणि तिथेच बसून रडली.

खड्डा तिने स्वतःच्या हाताने बुजवला. निघालेली माती सगळी परत आत घातली, ओंजळभरही बाहेर राहू दिली नाही.

दसऱ्याच्या बाजारासाठी तिने पट्ट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत झेंडू लावला. फुलांना कायद्याची ना नव्हती. फुलं धरली त्या दिवसांत भिमाजी गस्तीवर आला आणि मधेच थबकला. भर झेंडूत एक तुकडा मोकळा होता.

"इथली रोपं मेली का, वहिनी?"

"नाय. लावलीच नाय."

एक माणूस आडवा होईल एवढीच ती जागा होती. माती तिथे नुकतीच दबलेली होती, आणि नवसाबाईच्या कानाला अजून थोडी चिकटलेली होती. भिमाजीचं काम लाइनवरून सरळ चालायचं. त्याने काठी उचलली आणि त्या जागेला वळसा घालून तो पुढे गेला.