पहिल्या मजल्यावरचा कोल्हा

कोल्ह्यापायी कोणी मरतं का? विद्यापीठाच्या संगणक केंद्रात हा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा होता. 'भुयार' या खेळात काल उतरलेला नवखाही पहिल्या मजल्यावरचे कोल्हे चार फटक्यांत आडवे करायचा. पडद्यावर कोल्हा म्हणजे नुसतं 'जॅकल'मधलं इंग्रजी 'जे' अक्षर, आणि आपण म्हणजे @. चित्र नाही, आवाज नाही. तरी त्या @ साठी शहाणीसुरती माणसं जेवण विसरत.

एल्डन ट्वेटचा @ सव्वीस मजले उतरला होता आणि तळातला ताईत घेऊन परत वर निघाला होता. ताईत घेऊन दाराबाहेर पडला की जिंकला. आठ वर्षांत त्या केंद्रात हे कोणालाही जमलेलं नव्हतं. नेमका तेव्हाच एल्डन नदीपलीकडच्या इस्पितळात दाखल झाला. रक्ताचा कर्करोग. खेळ गॉर्डी हाउगेनच्या हाती आला. गॉर्डी केंद्रात टेपा चढवायचं, म्हणजे यंत्रावरच्या सगळ्या मजकुराची रोज रात्री टेपवर नक्कल घ्यायचं काम करायचा. एल्डन त्याचा वरिष्ठ, आणि जिवाचा दोस्तही.

दोघांची पद्धत ठरली होती. गॉर्डी दुपारी थोडं खेळायचा, पडद्याची छापील प्रत काढायचा आणि हिरव्या पट्ट्यांचा तो कागद इस्पितळात न्यायचा. एल्डन पेन्सिलीने खुणा करायचा. "हे दार उघडू नकोस, गाढवा. इथे थांबून जखमा भरू दे. आणि यंत्र मंद असेल तर एकच कळ दाबायची, मग हात मांडीवर." या शेवटच्या सूचनेखाली तो दरवेळी दोन रेघा मारायचा.

एवढी काळजी उगाच नव्हती. भुयारात @ मेला की मेला. साठवून ठेवलेला डाव यंत्र स्वतःच पुसून टाकतं. काही लबाड आधीच डावाची नक्कल काढून ठेवत आणि मेल्यावर पुन्हा जिवंत होत. एल्डनला त्याची चीड होती. अशा एका प्राध्यापकाचं नाव त्याने खेळाडूंच्या यादीतून खोडलं होतं, आणि प्राध्यापक तक्रार घेऊन आले तर त्यांना म्हणाला, "सर, मेलेल्या माणसाशी मी वाद घालत नाही."

सोमवारी एल्डनच्या हातून पेन्सिल निसटली. दाराशी परिचारिकेने गॉर्डीला बाजूला घेतलं. "जे काही बोलायचं असेल ते या आठवड्यात बोलून घ्या," ती म्हणाली.

एकच मजला उरला होता. उद्या @ ला बाहेर काढायचंच, असं गॉर्डीने ठरवलं.

मंगळवारी दुपारी केंद्रात बसायला जागा नव्हती. परीक्षा तोंडावर आलेल्या, चाळीस पोरं एकाच यंत्रावर आपापले प्रोग्राम चालवत होती आणि यंत्राला धाप लागली होती. दुसऱ्या मजल्यावर एका राक्षसाने @ ला बेदम चोपलं होतं. नव्वदातलं चौदा बळ उरलं होतं, पण खायला काही नव्हतं, म्हणून थांबणंही शक्य नव्हतं. पिशवीत औषधाची एक बाटली होती. ती गॉर्डीने अडीअडचणीसाठी राखली होती.

अरुंद बोळात समोर 'जे' उभा राहिला. गॉर्डीला चक्क हसू आलं. त्याने पुढे जाण्याची कळ दाबली. समोर कोणी असलं की त्याच कळीने वार होतो. पडदा हलला नाही. त्याने पुन्हा दाबली.

"मेलं का परत?" शेजारच्या खुर्चीवरून बेटिनाने विचारलं. तिचं गणित अर्ध्यावर अडकलं होतं.

"झोपलंय," गॉर्डी म्हणाला आणि दाबत राहिला, लिफ्ट येत नाही म्हणून माणूस बटण दाबत राहतो तसा.

यंत्र एकही कळ विसरलं नव्हतं. जागं झाल्यावर त्याने अकराच्या अकरा एका दमात उरकल्या. पहिल्या दोन कळांनी कोल्हा मेला. उरलेल्या नऊ कळांनी @ ला बोळातून काढून मोकळ्या दालनात नेऊन उभं केलं. तिथे बाकीची टोळी होती. चार कोल्हे, बारीक बारीक चावे. गॉर्डीला दिसला तो थेट थडग्याचा दगड: 'एल्डन. पहिला मजला. कोल्ह्याने मारले.'

तो उठून टेपांच्या खोलीत गेला. हो, लबाडीच करायला गेला, आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही. कालची टेप चढवून त्याने यादी तीनदा पाहिली. भुयाराचं नाव नव्हतं. भिंतीवरच्या कामाच्या पाटीवर एल्डनचं अक्षर होतं: 'भुयाराचे डाव टेपवर घ्यायचे नाहीत. कोणासाठीही नाही.' चार वर्षं गॉर्डी त्या पाटीसमोर काम करत होता. ती ओळ त्याने आज वाचली.

संध्याकाळी एल्डन जागा होता. झोपलेला असता तर बरं झालं असतं, असं गॉर्डीला वाटलं.

"कागद?"

"नाही आणला. गेला तो, एल्डन."

"कशानं?"

"कोल्ह्यानं."

"किती कळा?"

"अकरा. शिव्या घाल ना, लेका."

एल्डनने शिव्या घातल्या नाहीत. त्याने गॉर्डीची बाही धरली. बोटांत जोर नव्हता. "कालची टेप असेल ना? तिच्यावरून परत आण. एकदाच. कोणाला सांगू नकोस."

एल्डन लबाडीची भीक मागतोय, याचं गॉर्डीला काही वाटलं नाही. पण या माणसाला शेकडो टेपांचे क्रमांक तोंडपाठ होते, आणि आज तो स्वतःची पाटी विसरला होता. एल्डन आता परत येत नाही, हे गॉर्डीला तेव्हा कळलं.

"आहे टेप," तो म्हणाला. "सकाळी पहिलं काम तेच."

"एक कळ."

"एकच."

"मग?"

"मग हात मांडीवर."

एल्डनने समाधानाने डोळे मिटले. परिचारिका दिवा मंद करून गेली तरी गॉर्डी खुर्चीतच होता, दोन्ही हात मांडीवर ठेवून.