दहाचा हॉर्न

रचनाला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. मात्र ज्या जीपने तिला अर्जुनीच्या दवाखान्यात नेलं, ती कागदोपत्री त्या दिवशी हललीच नव्हती. तेव्हा आपणही काही झालंच नाही असं धरून चालू.

साल २००३. केशोरीकडच्या एका आरोग्य केंद्रात रत्नपाल ड्रायव्हर होता. त्याची जीप निर्लेखित झाली होती, म्हणजे सरकारने तिला मेलेली मानलं होतं. हुकूम असा: लिलाव होईपर्यंत गाडी चालू स्थितीत ठेवावी, जागेवरून हलवू नये. बॅटरी उतरू नये म्हणून रत्नपाल रोज सकाळी दहाला पंधरा मिनिटं इंजिन चालवायचा. त्याआधी हॉर्न वाजवायचा, न हलणाऱ्या गाडीपुढून लोकांनी बाजूला व्हावं म्हणून.

शेजारची रुक्माबाई विचारायची, "काऊन रे रत्नपाल, आज कुठवर जाऊन आला?"

"इथवरच, मावशी."

"मंग थकला असशीन. चहा घे."

चहा ती खरंच द्यायची.

मार्चात त्याला मलेरिया झाला. तापात एकच बडबड, "बॅटरी उतरून राहिली." रुक्माबाईला राहवेना. रोज दहाला ती जीपमध्ये बसून चांगली पाच मिनिटं हॉर्न दाबू लागली. तो ऐकून रत्नपाल शांत झोपायचा. आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला. मलेरियाच्या गोळ्यांनी कान बसले, असं त्याला वाटलं.

बाराव्या दिवशी रुक्माबाईच्या सुनेला, रचनाला, कळा सुरू झाल्या. मूल आडवं होतं. नर्स निर्मलाबाई म्हणाल्या, "इथं जमणार नाही. अर्जुनीला न्या, आत्ता." केंद्राची नवी गाडी दुसरा पेशंट घेऊन गेलेली. रत्नपाल चादर पांघरूनच आला. किल्ली फिरवली. जीप फक्त 'टक्' म्हणाली.

"मावशी, तू इंजिन नव्हती लावत?"

"मले कुठं येते बापा? हॉर्न वाजवत होती. तुले बरं वाटावं म्हणून."

रत्नपालने क्लच दाबून गिअर टाकला.

"बरं वाटलं, मावशी. आता ढकल."

अकरा जणांनी ढकललं. त्यात रांगेतले तापाचे चार पेशंट होते. तिसऱ्या धक्क्याला जीप खोकली आणि निघाली. मागून रुक्माबाई ओरडली, "बंद नोको करजो रे!"

दवाखान्याच्या दारातही त्याने दोन तास इंजिन बंद केलं नाही. आतून रडणं ऐकू आलं, तेव्हा त्याने हॉर्न दाबला. आवाज खणखणीत होता. कानही.

परतल्यावर त्याने वरिष्ठांना अर्ज लिहिला:

"सदर जीप त्या दिवशी हललेली नाही. तरी तिला ढकलणाऱ्या अकरा इसमांची साठा नोंदवहीत 'बॅटरी, चालू स्थितीत' अशी नोंद घ्यावी. पैकी रुक्माबाईंची नोंद 'हॉर्न' म्हणूनही घ्यावी. आणि यांतील कोणालाही, कधीही, निर्लेखित करण्यात येऊ नये, ही नम्र विनंती."