मुठीजवळचं कुंकू

खुणेच्या लाल प्लास्टिक कोनापाशी आसावरीने हँडल वळवलं आणि मोटरसायकल रॅम्पला बगल देऊन धुळीत थांबली. सकाळपासूनची ही अकरावी खेप.

"रेस दे म्हणून घसा फोडतोय ना मी! पूर्ण दे!" कोनाजवळून सुमंत ओरडला. तिचा थोरला भाऊ.

होसकोटेपलीकडच्या त्या मैदानावर रविकिरण सरांचा नियम एकच होता. कोनापर्यंत गाडीला वेग आला नाही, तर रॅम्पवर चढायचं नाही. रॅम्पपुढे स्पंजच्या ठोकळ्यांनी भरलेला खड्डा. हवेत हँडल सोडायच्या करामती नंतर, आधी त्या खड्ड्यात एक धड उडी. बरोबरच्या चौघांनी ती केव्हाच मारली होती. आज शेवटचा रविवार. आज नाही जमली, तर पुढच्या वर्गात नाव नाही.

"घाबरण्यात पाप नाही," सर पाण्याची बाटली देत म्हणाले. "पण हात भ्याला की मूठ पुरती पिळली जात नाही. अजून एक फेरी. मग बास."

आसावरीने मान हलवली. भीतच असणार हात. तीन महिने ती आपल्या मनगटाला शिव्या घालत होती. या खेळाचं नाव काढलं तेव्हा बसवनगुडीच्या घरात आईने जेवण सोडलं होतं. सुमंतअण्णाने आईची समजूत घातली, जुनी गाडी मिळवून दिली, दर रविवारी टेम्पोत घालून इथवर आणली. एवढा पाठीराखा असून आपलीच छाती होत नाही, याची तिला लाज वाटे.

"स्वल्प बस, आसू, जरा दम घे," अण्णा म्हणाला. "नाही जमलं तर नाही. सगळ्यांना थोडंच जमतं?" आणि तो कॉफी आणायला गेला.

मूठ पुसताना तिचा हातमोजा कशाला तरी अडकला. मुठीच्या बुडाशी दसऱ्यातल्या आयुधपूजेचं तेलात कालवलेलं कुंकू होतं. पूजेचं कुंकू कोण खरवडणार? दर आठवड्याला गाडी धुताना ती तेवढी जागा सोडत आली होती. आता त्याची खपली निघाली आणि खाली स्क्रूचं डोकं दिसलं.

"मंजुनाथ, हा कसला?"

मैदानावरचा मेकॅनिक वाकला. "अक्का, हा अजून आहे? लहान मुलांच्या गाडीला घालतात हा. मूठ अर्ध्यावर अडते. पूजेच्या आदल्या दिवशी तुमच्या अण्णांनीच नेला होता माझ्याकडून. मला वाटलं, काढला असेल."

तिला ती पूजेची सकाळ आठवली. चाकाखाली लिंबू, आणि अण्णा मुठीपाशी कितीतरी वेळ वाकलेला. ती मागे हात जोडून उभी होती. किती मनापासून करतोय माझ्यासाठी, असं वाटून तिचे डोळे भरून आले होते. त्या जोडलेल्या हातांचा आता तिला राग आला.

तिने मंजुनाथकडून स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला.

अण्णा कॉफीचा पेला घेऊन कोनापाशी आला. नेहमीसारखा त्याने हात उंचावला.

"रेस दे, आसू! पूर्ण दे!"

तिने दिली. मूठ नेहमीच्या जागी अडली नाही. इंजिनाचा आवाज ऐकताच अण्णाचा हात खाली आला आणि कॉफी सांडली.

"थांब! आसू, थांब!"

कोन मागे गेला. रॅम्प, मग नुसतं आभाळ, मग स्पंज.

तिने ठोकळ्यांतून डोकं वर काढलं तेव्हा सर टाळ्या वाजवत होते. अण्णा धापा टाकत काठावर गुडघ्यांवर बसला होता. तिने खिशातला स्क्रू त्याच्या तळहातावर ठेवला.

"आईने शपथ घातली होती," तो पुटपुटला. "तुझ्या जिवासाठीच ना."

"मग नको म्हणायचंस. भांडले असते, चार दिवस बोलले नसते. पण तू दर रविवारी इथं उभं राहून रेस दे म्हणालास, अण्णा."

त्याने मूठ मिटली. बोटांना कुंकू लागलं होतं.

"गाडी वर काढू या," सरांनी हाक दिली. "अजून एक उडी?"

"हो सर," आसावरी म्हणाली. "फक्त कोनापाशी कुणी उभं नको."