आंब्याची जमानत

"उद्या तो आंबा पाडून टाकतो," अंगणात कुऱ्हाडीला धार लावत घनश्यामने जाहीर केलं. "धुऱ्यावर नुसता उभा राहून सावली पाडते. खालचं धान पोचट होते. आन फळाच्या नावानं यक कैरी नाई."

त्याचं बोलणं खोटं नव्हतं. दोन शेतांमधल्या धुऱ्यावर आंबा ऐसपैस वाढला होता, पण मोहोर धरायचं त्याच्या कधी मनातच आलं नाही. मात्र त्याची कोय शकुनबाईने लग्नात लाखांदूरकडच्या माहेराहून ओटीत बांधून आणली होती. माहेरचं मूळ झाड गेलं, मागोमाग आई गेली. आता माहेर म्हणून तिच्याजवळ हे एक आळशी झाडच उरलं होतं. ते पडलं असतं तर तीही मोडून पडली असती. पण हे नवऱ्याला सांगण्यापेक्षा गोठ्यातल्या बैलाला सांगितलेलं बरं.

म्हणून ती दुसरंच बोलली. "पाडा ना. पन रीत करून पाडा. बिनारीतीचं फळझाड पाडलं त घरात काय होते, तुमाले मायीत हाये."

घनश्याम कोणाच्या बापाला भीत नसे, पण असल्या गोष्टींना फार भीत असे. रीत अशी, की न फळणाऱ्या झाडापुढे मालकाने कुऱ्हाड उगारून त्याला दरडावायचं. घराबाहेरच्या कोणी मध्ये पडून 'राहू द्या, पुढच्या साली फळन, माही जमानत' म्हटलं, तर सालभर झाडाला हात लावायचा नाही. कोणीच मध्ये पडलं नाही, तर खुशाल पाडायचं.

दुसऱ्या दिवशी घनश्याम खुशीतच धुऱ्यावर गेला. भर उन्हात जामीन राहायला तिथं येणार कोण? पलीकडे स्वतःच्या धानाच्या बांधीत शेणखत पसरत होता तो एकटा आनंदराव. झाडाची सावली त्याच्याही धानावर पडायची, आणि ते पाडा म्हणून तो कित्येक वर्षं घनश्यामशी भांडत आला होता. शिवाय दर रविवारी बुद्धविहारात अंधश्रद्धेवर बोलणारा माणूस. तो काय झाडाला जामीन राहणार?

"फळतं का पाडू?" घनश्यामने कुऱ्हाड उगारली.

"झाडासंग बोलून राहिला. डोस्कं फिरलं याचं," आनंदराव मान वर न करता खताच्या टोपलीला म्हणाला.

शकुनबाई नवऱ्याकडे तोंड करून, पण पलीकडे ऐकू जाईल अशी बोलली, "भाऊजी कायले मधात पडतीन? त्यायलेबी झाड पडलेलंच पायजे. चला, जलमात यकदा तरी तुमा दोघायचं यकमत झालं."

आनंदराव ताठ झाला. या दोघांचं बैलाच्या रंगावरसुद्धा आजवर एकमत झालं नव्हतं. ग्रामसभेत एकाने तलावाचं पाणी सोडा म्हटलं, की दुसरा ते अडवायला काठाची पाळ धरून बसायचा. आता घनश्यामच्या बाजूने उभं राहायचं, आणि ते गावभर होणार?

"थांब गा," तो ओरडला. "राहू दे झाड. फळन पुढच्या साली. माही जमानत."

घनश्यामची कुऱ्हाड वरच्या वर राहिली. शकुनबाईने पदराने डोळे पुसले आणि ऊन फार आहे म्हणाली.

आंब्याने मात्र जामिनाची लाज राखली नाही. पुढच्या उन्हाळ्यातही नुसती पानंच. घनश्यामने आनंदरावाला चहाच्या टपरीवर चारचौघांत गाठलं.

"कावो जमानतदार, तुमचा आरोपी त कामचोर निघला. उद्या सकाळी पाडतो त्याले."

"सकाळ त होऊ दे," आनंदराव म्हणाला. त्याने सायकल काढली आणि साकोलीचा रस्ता धरला.

उजाडता उजाडता शकुनबाई झाडाला शेवटचं पाणी घालायला गेली, तर पानांत पिवळेजर्द आंबे लोंबत होते. तिने हात जोडले, आणि मग तिला सुतळी दिसली. एकेका देठाला निगुतीने गाठ मारलेली, आणि एका आंब्यावर फळवाल्याची छापील चिठ्ठी तशीच चिकटलेली. नवरा कुऱ्हाड घेऊन येताना दिसला, तशी तिने भराभर आंबे ओढून पदरात घेतले, सुतळ्या कमरेला खोचल्या आणि चिठ्ठी गिळून टाकली.

घनश्यामने तिथंच एक आंबा खाल्ला, कोयसुद्धा चाटली, आणि टपरीवर सांगत सुटला, "कुऱ्हाड पाह्यली म्हनून फळला."

"पन गावरान कोयीले बैंगनपल्ली कसा?" कोणीतरी विचारलं.

"भेवानं जात बदलली त्यानं."

जातीवर बोलायला आनंदरावाजवळ भरपूर होतं. पण खरं सांगावं तर घनश्यामपुढे हार, आणि गप्प राहावं तर रीत खरी. तो गप्प राहिला, आणि तिथंच फसला. आठवडाभरात गावातल्या निर्मलाबाई न फळणाऱ्या फणसासाठी आणि कौशल्याबाई चिंचेसाठी त्याच्या दारात येऊन बसल्या. "भाऊ, तुमची जमानत पावते," म्हणाल्या. त्या रविवारी विहारातलं भाषण त्याला काही केल्या सुरूच करता येईना.

तो आंब्याच्या सावलीत तोंड पाडून बसला होता, तेव्हा शकुनबाई आली. याच्या पाया पडावं असं तिला मनापासून वाटत होतं. तिने धुऊन नीट गुंडाळलेली सुतळी त्याच्यापुढे ठेवली.

आनंदरावाने इकडेतिकडे पाहिलं. "वयनी, कोनाले सांगू नोका."

"कायले सांगीन, भाऊजी? पन पुढच्या साली गावरान आनजा," ती म्हणाली. "आन चिठ्ठी काढून बांधजा. मले पचली नाई."